घेतलेली जागा

१

लिझेलॉट नावाच्या पोरीनं माझ्या डोक्याला नसता ताप लावला आहे. ती गावाच्या इतिहास मंडळाची चिटणीस. मंडळ मेरलेगेमवर पुस्तक काढतंय, गाव कसं होतं, माणसं कशी होती, असलं काहीतरी. त्यात फिंचवाल्यांवरची दोन पानं मी लिहायची. मी म्हणालो, बाई, मी शाळेत गेलो तो फक्त हिवाळ्यात, बाकी वर्षभर जवस उपटत होतो. तर म्हणते, "आशिलकाका, तुम्ही बोलता तसंच लिहा. फक्त शिव्या गाळा. आणि जरा गोड लिहा."

गोड पाहिजे असेल तर बेकरीत जा म्हणावं. पण ती रोज येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसते, माझी कॉफी पिते आणि उठत नाही. म्हणून लिहितोय.

मेरलेगेम म्हणजे लेये नदीच्या वळणातलं गाव. एक चर्च, एक रस्ता, जवसाच्या व्यापाऱ्यांची पक्की घरं आणि मग आमची. उन्हाळ्यात जवसाच्या पेंढ्या धागा सुटावा म्हणून नदीत कुजायला टाकायचो, तेव्हा असा वास सुटायचा की शहराकडे जाणाऱ्या गाडीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. आम्हाला शहरवाले कुजके म्हणायचे. आम्ही उलट काही म्हणत नव्हतो. मेरलेगेमच्या माणसाचं वाकडं झालं तर तो भांडत नाही, दार लावून घेतो. माझा बाप सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलला नाही, आणि ते एका शिडीवरून. शिडी अजून माझ्याकडे आहे. चांगली आहे.

हे गावाच्या स्वभावाबद्दल झालं. आता रांगेबद्दल.

२

फिंच म्हणजे चिमणीएवढा पक्षी, छाती विटेच्या रंगाची. तो गातो आणि गाण्याचा शेवट 'सुस्केवीत' असा करतो. शेवट वेगळा केला तर ते गाणं धरायचं नाही. रविवारी सकाळी आम्ही सगळे चर्च रस्त्याच्या कडेनं पेट्या मांडतो. पेटी पावाच्या लादीएवढी, पुढे दुधी काच, म्हणजे पक्ष्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला पक्षी. प्रत्येकानं आपली पेटी मोजायची नाही, उजवीकडच्या शेजाऱ्याची, तिच्यासमोर बसून मोजायची. गुडघ्यावर लाकडाची काळी लांब पट्टी, हातात खडू. पक्षी एकदा नीट गायला की एक रेघ. लाल निशाण वर गेलं की सुरू, खाली आलं की बंद. ज्याच्या रेघा जास्त, तो जिंकला.

बाहेरच्यांना हे बघून हसू येतं. मोठी माणसं रस्त्यावर खुर्च्या टाकून लाकडी पेट्यांकडे बघत बसतात म्हणे. हसू दे.

एक गोष्ट सांगायची ती ही, की या खेळात सगळं शेजाऱ्याच्या खरेपणावर चालतं. खोटी रेघ मारणाऱ्याची पट्टी सगळ्यांसमोर गुडघ्यावर मोडतात. मग तो माणूस रांगेत परत बसत नाही, कॅफेत कोणी त्याच्या टेबलावर येत नाही. चोरी करून तुरुंगात जाऊन आलेल्याशी आमच्याकडे बोलतात. पट्टी मोडलेल्याशी नाही. मी एकटा माणूस, बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. रविवारची रांग सोडली तर मला दुसरं काही नव्हतं.

आणि रांगेत एक जागा रिकामी सोडायची. जुन्या पालिकेच्या दाराशेजारी एक विटांनी बुजवलेली खिडकी आहे, तिच्यासमोर. एका पेटीपुरती जागा. तिच्या डावीकडे बसणारा जागा ओलांडून पलीकडची पेटी मोजायचा. का, ते मला विचारू नका. माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणायचो, ती जागा घेतलेली आहे. तिथे कोणी सायकलसुद्धा टेकवत नसे. खिडकी कोणी बुजवली, आत काय होतं, हे लिझेलॉटनं जुन्या दप्तरांत शोधलं. काही मिळालं नाही. बरं झालं.

३

मग सरकारनं लहान गावं मोठ्यांना जोडली. आम्हाला शहराला जोडलं. नगराध्यक्ष गेला, शिक्का गेला, पालिकेच्या दाराला कुलूप लागलं. आमचा फिंचसंघ शहराच्या संघात गेला आणि अध्यक्ष झाला ओमेर रॉम्बाउट. खाटीक. रक्ताची सॉसेजं उत्तम करायचा. पक्ष्यांतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं, आणि माणूस म्हणून तसा वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं सरळ रेषेत लागायचं, दुकानातल्या सॉसेजांसारखं.

दोन्ही संघांची पहिली एकत्र रांग आमच्या रस्त्यावर मांडायची ठरली. शहराचा नवा नगराध्यक्ष बघायला येणार होता. ओमेर सकाळीच येऊन रांगेवरून फिरला आणि खिडकीपाशी थांबला.

"हे काय? दात पडल्यासारखं दिसतंय."

समोरच्या कॅफेची झुल्मा दारात झाडत होती. तिनं झाडू थांबवला नाही. "ती जागा घेतलेली आहे, ओमेर."

"कोणी घेतली? नाव सांग, वर्गणी घेतो त्याच्याकडून."

आमची माणसं हसली नाहीत. शहरवाले हसले. ओमेर गाडीतून स्वतःची एक जादा पेटी घेऊन आला. रिकामी. दार उघडून सगळ्यांना दाखवली आणि खिडकीसमोर ठेवली. त्या दिवशी चिठ्ठ्यांत खिडकीच्या डावीकडची जागा माझ्या वाट्याला आली होती.

"आशिल, तू फक्त खुर्चीत बस. पलीकडची पेटी मी मोजतो. तू पट्टी धर, फोटोत बरं दिसेल."

"आणि करू काय?"

"आराम कर. इतकी वर्षं दुसरं काय केलंस?"

माझ्या डावीकडे कामिएल होता, माझ्याच गल्लीतला, छपरं शाकारणारा. माझा पक्षी तो मोजणार होता. माझ्या पक्ष्याचं नाव नोटरी, कारण तो तसाच पोट पुढे काढून बसायचा. कामिएल हळूच म्हणाला, "जागा बदलू या का?"

मी म्हणालो, "गप बस आणि नीट मोज."  

४

निशाण वर गेलं. सगळीकडून गाणी सुरू झाली. ऊन पडलेलं होतं, विटा कोमट झाल्या होत्या. मी पाईप पेटवला.

आधी बी फोडल्याचा आवाज आला. बारीक, कट्, आणि मग टरफल लाकडावर पडल्याचा. समोरच्या पेटीतून. मी म्हटलं, उंदीर. खाटकाच्या गाडीतून आलेली पेटी, उंदीर असणारच.

मग आतून कोणी दांडीवर सरकल्यासारखं झालं. उंदीर दांडीवर बसत नाही. मी म्हटलं, नोटरीचा आवाज बुजवलेल्या खिडकीवर आपटून परत येत असेल. वीट आवाज परत देते, हे कोणालाही ठाऊक आहे.

मग ते गायलं.

पूर्ण गाणं, आणि शेवट बरोबर. सुस्केवीत. इतका साफ शेवट मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. आणि खाली बघतो तर पट्टीवर रेघ. मी मारली होती. हात लहानपणापासून हेच करत आलेला. कानात शेवट आला की खडू चालतो, मध्ये डोक्याला विचारत नाही.

मला राग आला. मला वाटलं, ओमेरनं गुपचूप आत पक्षी सोडलाय, नगराध्यक्षासमोर माझी गंमत करायला. ठीक आहे, म्हटलं. पक्षी आहे तर मोजतो. तुझीच फजिती होईल.

आणि मोजत गेलो. गाणं संपायचं आणि लगेच दुसरं. फिंच कितीही चांगला असला तरी मध्ये थांबतो, पंख झटकतो, श्वास घेतो. हे थांबत नव्हतं. माझ्या आज्याच्या घरी जुन्या काळातला एक पक्षी होता, तापलेल्या तारेनं पापण्या चिकटवलेला. तेव्हा तसं करायचे, आंधळा पक्षी दिवसरात्र गातो म्हणून. पुढे कायद्यानं बंद झालं. तो असा गायचा. पण त्यालाही श्वास लागायचा.

थोड्या वेळानं कळलं की मला दुसरं काही ऐकू येत नाही. रांग तशीच होती. कामिएलचा खडू हलत होता, पलीकडे ओमेरचा हलत होता, म्हणजे त्यांच्यासमोरचे पक्षी गात होते. मला फक्त समोरचं ऐकू येत होतं. मी खडू थांबवायचा प्रयत्न केला. बोटं दुखायला लागली होती. थांबला नाही.

५

निशाण खाली आलं तेव्हा माझी पट्टी एका बाजूनं भरून दुसऱ्या बाजूनंही भरत आली होती.

ओमेर पट्ट्या बघत आला. माझी बघून आधी हसला. "हे काय काढलंस, दाढीचे केस?"

"तुझा पक्षी मोजला."

"माझा कुठला पक्षी?"

"नाटकं करू नकोस. पेटी उघड."

त्यानं उघडली. सगळ्यांना दाखवली, नगराध्यक्षालाही. आत कोरं लाकूड. ना पीस, ना टरफल. शहरवाले हसायला लागले आणि मग आमच्यांचे चेहरे बघून थांबले. मी कामिएलकडे बघितलं.

"तुला ऐकू आलं का नाही? तू शेजारी होतास."

कामिएलनं बुटांकडे बघितलं. "मी नोटरी मोजत होतो, आशिल."

ओमेरला वाटलं मी मुद्दाम केलं, त्याला आणि त्याच्या संघाला पाहुण्यांसमोर तोंडघशी पाडायला. त्याच्या जागी मलाही तेच वाटलं असतं, हे मी नाकारत नाही. पण मी तोंडानं सांगत होतो की मी ऐकलं म्हणून मोजलं. तो म्हणाला, "खोटारडा आहेस. गाव गेलं तरी कुजकेपणा गेला नाही." आणि माझी पट्टी त्यानं गुडघ्यावर मोडली.

ती पट्टी माझ्या बापाची होती.

त्यानं पेटी उघडून दाखवली तेव्हा एक गोष्ट मी बघितली होती, ती कोणाला सांगितली नाही. ओमेरच्या हातातल्या पेटीचं काचेचं दार माझ्याकडे झुकलेलं होतं. दुधी काचेला आतून वाफ धरली होती. मध्यभागी दाट, कडांना विरळ, हळूहळू विरत चाललेली. आपण हिवाळ्यात काचेला तोंड लावून श्वास सोडतो तेव्हा धरते तशी. पक्ष्याच्या श्वासानं एवढी वाफ धरत नाही.

६

त्या आठवड्यात कोणी आलं नाही. कॅफेत गेलो तर माझ्या टेबलावरच्या खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या. झुल्मानं बिअर दिली, पण काही बोलली नाही, कारण माणसं बसली होती.

नंतर ती मागच्या दारानं घरी आली. जेनेव्हर दारूची बाटली घेऊन आली, म्हणजे बोलायचं होतं.

"शेवटपर्यंत मोजलंस ना?"

"मोजलं. त्याचंच तर झालं सगळं."

"मग ठीक आहे."

"काय ठीक आहे? माझी पट्टी मोडली."

"पट्टीच मोडली ना," ती म्हणाली. "माझी आई म्हणायची, तिथे पेटी ठेवली की कोणाला तरी मोजायला लागतं. इतकंच म्हणायची. आम्ही विचारलं तर कानाखाली मारायची."

मी म्हणालो, तुझी आई अर्ध्या गावाला वेडी वाटायची. झुल्मा म्हणाली, "उरलेल्या अर्ध्याला नाही वाटायची."

मग मी तिला नोटरी दाखवला. रविवारपासून तो गात नव्हता. खात होता, पाणी पीत होता, अंगानं ठणठणीत. पण डोळे मिटलेले. झोपेत नाही. या दांडीवरून त्या दांडीवर उडायचा, बरोबर बसायचा, डोळे मिटूनच. मी त्याला मुठीत धरून नखानं एक पापणी वर केली. चिकटलेली नव्हती. खाली डोळा होता, काळा, चकचकीत, चांगला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पापणी परत मिटून घेतली. एखाद्यानं आतून दार लावून घ्यावं तशी.

झुल्मानं पिंजऱ्यावर फडकं टाकलं. "ओमेर येत्या रविवारी परत पेटी ठेवणार आहे," ती म्हणाली. "आणि डावीकडे स्वतः बसणार आहे. तुम्हा कुजक्यांना दाखवतो म्हणाला."

"बसू दे."

"त्याला सांगा ना कोणीतरी."

"त्यानं आधी माफी मागावी. मग सांगतो."

ती उठली. मग उरलेली बाटली घेऊन गेली.

७

मला रांगेत बंदी होती, रस्त्यावर नव्हती, कॅफेत नव्हती. त्या रविवारी मी झुल्माच्या खिडकीत बसलो. बरोबर समोर बुजवलेली खिडकी, तिच्यासमोर पेटी, पेटीसमोर ओमेर. नदीवरून थोडं धुकं आलं होतं, पण पलीकडचं सगळं स्पष्ट दिसत होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण लिझेलॉट विचारणार.

ओमेर पाय पसरून बसला होता. पट्टी मांडीवर, खडू कानामागे, कामिएलला काहीतरी टोमणा मारत होता. निशाण वर गेलं. थोडा वेळ तो तसाच हसरा बसला. मग मान जराशी वाकडी केली. पक्षीवाला कान देतो तशी.

मग त्यानं कानामागचा खडू घेतला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. मला वाटत नाही हात काय करतोय हे त्याला ठाऊक होतं. रेघ, रेघ, रेघ. काचेआड मला काही ऐकू येत नव्हतं. पण त्याच्या हाताची चाल मी ओळखली. मध्ये श्वासापुरतीही थांबत नव्हती.

मग त्यानं खाली बघितलं आणि हसू गेलं. ओमेर माझ्यासारखा नव्हता, त्याच्यात जोर होता. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, बोटं उघडली आणि खडू खिशात टाकला. पट्टी खाली ठेवली. मोजणार नाही म्हणजे नाही.

"झुल्मा," मी म्हणालो. "त्यानं मोजायचं सोडलं."

ती गल्ल्यामागे ग्लास पुसत होती. तिनं पाठ फिरवली.

ओमेर थोडा वेळ बसून राहिला. मग खुर्चीवरून उतरून पेटीसमोर गुडघ्यांवर आला, दोन्ही हात फरशीवर, आणि तोंड दुधी काचेजवळ नेलं. आत बघायला. दुधी काचेतून दिसत नाही, हे त्याला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

काच आतून उजळ झाली. मला आधी वाटलं ऊन पडलं. पण धुकं होतं, ऊन नव्हतं. काच पांढुरकी होती ती गुलाबीसर झाली, कडेपासून कडेपर्यंत, सपाट दाबल्यासारखी. आपण खिडकीला गाल टेकवतो तेव्हा बाहेरून दिसतो तसा. पावाच्या लादीएवढी पेटी आणि काचभर गाल. मग तो सरकला. गाल जाऊन दुसरं काहीतरी काचेला येत होतं, हळू, ओमेरच्या डोळ्याच्या उंचीला.

तिथे मी बघायचं थांबवलं. टेबलाकडे बघितलं. बिअरच्या ग्लासाचं ओलं वर्तुळ होतं, त्याकडे बघत राहिलो.

परत वर बघितलं तेव्हा ओमेर उभा होता. निशाण अजून वरच होतं. त्यानं खुर्ची नीट घडी घालून भिंतीला टेकवली, टोपी सारखी केली आणि चालायला लागला. डोळे मिटलेले. एक हात भिंतीवरून फिरवत, कुठेही न अडखळता. रांगेतले सगळे मोजत होते, नियमानं मान वळवता येत नाही. त्याला जाताना मी एकट्यानं बघितलं.

घरी आलो, पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. नोटरी डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. बी टाकलं नव्हतं म्हणून रागावलेला होता.

८

कामिएलनं ती पेटी जाळली. कशी उचलली ते तो सांगत नाही. पुढच्या रविवारपासून जागा परत रिकामी. शहरवाले काही बोलले नाहीत, त्यांच्यातला एक जण तर वळसा घालून चालायला लागला. ओमेरच्या पट्टीवरच्या रेघा सगळ्यांनी बघितल्या होत्या. मला संघानं नवी पट्टी दिली, अ‍ॅल्युमिनियमची, आणि मी रांगेत परत बसलो. तुझ्याबद्दल गैरसमज झाला, असं कोणी म्हणालं नाही. मेरलेगेममध्ये तसं म्हणत नाहीत. उलट्या घातलेल्या खुर्च्या सुलट करतात, संपलं. बाकीच्यांपुरतं मलाही ते चालतं. पण पट्टी ज्यानं मोडली त्यानं बोललं पाहिजे, तोंडानं, रांगेसमोर. नाहीतर ती खोट्याची म्हणूनच मोडलेली राहते.

म्हणून एकदा गेलो होतो. शहरातल्या वृद्धाश्रमात असतो तो, लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. त्याच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. नर्सनं सांगितलं, डॉक्टर बघून गेले, दृष्टी उत्तम आहे. तो उघडत नाही, बस. जेवतो, स्वतः दाढी करतो, कधी कापत नाही.

खुर्चीत बसला होता, खिडकीकडे तोंड करून. अंगानं चांगला, गाल भरलेले.

"आशिल," तो म्हणाला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"तू माझी माफी मागायची राहिली आहे," मी म्हणालो. "लोकांसमोर नाही तर नाही. इथेच माग."

तो ऐकत होता. माझं नाही. मान तशीच जराशी वाकडी.

"आधी मोज," तो म्हणाला. "मी सोडलं ते अजून चालूच आहे. तू चांगला मोजतोस. आधी मोज, मग मागतो."

"मला काही ऐकू येत नाही."

"मग खिशात काय करतोयस?"

माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता. बाहेर काढला. बोटाच्या टोकाची कातडी सोललेली होती आणि खिशाचं अस्तर नखानं उभं उभं ओरबाडून फाटलं होतं, ओळीनं.

मी टोपी घातली आणि निघालो. व्हरांड्यात नर्स म्हणाली, "इतक्यात चाललात?" मी चालत राहिलो. हात मुठीत आवळून धरला होता, तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. परत गेलो नाही, जाणारही नाही.

लिझेलॉट, हे पुस्तकात घाल किंवा घालू नकोस, गोड माझ्याकडे एवढंच आहे. बापाच्या पट्टीचे दोन तुकडे दारामागे शिडीशेजारी ठेवलेत, फोटो काढायचा तर काढ. मी ऐकलं म्हणून मोजलं. हे एका माणसाला पक्कं ठाऊक आहे आणि तो ते बोलत नाही. त्याचं नाव स्पष्ट अक्षरांत छाप. ओमेर रॉम्बाउट, खाटीक. त्यानं माझी माफी मागायची अजून बाकी आहे.